कंठांतील गांठ केवढी?

घसा बसला तर आमच्या घरांतून त्याचें कोणास फारसें कांहीं वाटत नाहीं. ज्येष्ठमधाचा तुकडा तोंडांत धरावा, मिठाच्या कोमट पाण्यानें गुळण्या कराव्या, रात्रीं हळद घातलेलें दूध प्यावें आणि चार दिवस मोठ्यानें बोलूं नये, एवढा उपचार प्रत्येक कुटुंबांतील वडील स्त्रीस पाठ असतो, व बहुतेक वेळां तेवढ्यानें घसा सुटतोही. परंतु तीन आठवडे लोटले, सर्दीपडसें केव्हांच बरें झालें, आणि तरीही आवाजाचा घोगरेपणा जात नाहीं, असें झालें म्हणजे मात्र ज्येष्ठमधाची डबी फडताळांत ठेवून कान, नाक व घसा ह्यांच्या डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. तो गृहस्थ विडी-सिगारेट ओढणारा किंवा मद्य घेणारा असेल तर एक दिवसही दवडूं नये. आणि तंबाखूस जन्मांत न शिवलेल्या माणसानेंही आपणांस ह्या नियमांतून सूट आहे असें मानूं नये.

अशा रेंगाळणाऱ्या घोगरेपणाच्या मुळाशीं कधीं कधीं स्वरयंत्राचा कर्करोग असतो. त्या रोगाची साद्यंत हकीकत सांगण्याचा आमचा आज विचार नाहीं. रोगाचें नांव निश्चित झाल्यावर घरांतील कर्त्या मंडळींपुढें जो पेंच उभा राहतो, म्हणजे किरणोपचार करावे कीं शस्त्रक्रिया, आवाज राखण्याची खटपट करावी कीं आवाजावर पाणी सोडून जीव राखावा, त्या पेंचांत गांठीच्या आकारमानाची मदत कितपत होते, हा एकच प्रश्न आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, त्यांत आम्हांस काय कळतें, असें म्हणणारे वाचक भेटतील. पण कागदावर सही करावयाची असते ती घरच्यांना, आणि आवाज जावयाचा असतो तो रोग्याचा. तेव्हां हें गणित दोघांसही थोडें समजलेलें बरें.

स्वरयंत्र म्हणजे मानेच्या पुढच्या बाजूस, पुरुषांमध्यें कंठमणि म्हणून जो उंचवटा दिसतो, त्याच्या आंतील पोकळ पेटी. ती हाडांची नसून कूर्चेची असते. कानाचा वरचा भाग चाचपला असतां जो चिवट, लवचिक पदार्थ हातास लागतो त्याच जातीची ही वस्तु. बोलणें हें ह्या पेटीचें काम सर्वांस ठाऊक आहे. पण घांस गिळतांना श्वासनलिकेचें दार मिटून धरणें हें तिचें काम त्याहून जुनें व अधिक निकडीचें आहे. जेवतांना बोललें असतां ठसका लागतो, तो ह्या द्वारपालाची क्षणभर गफलत झाल्यामुळें. ह्या पेटीचे तीन मजले कल्पावे. मधल्या मजल्यावर दोन स्वरतंतु असतात. ते जवळ येऊन थरारले म्हणजे आवाज उमटतो. त्यांच्या वर तो वरचा मजला, आणि खालीं श्वासनलिकेपर्यंत तो खालचा.

मधल्या मजल्यावर गांठ उठली तर ती आपली चहाडी आपणच करते. स्वरतंतूच्या कांठावर तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा आला तरी दोन्ही तंतु नीट मिटत नाहींत, व आवाज फुटतो. शिवाय स्वरतंतूंत रसवाहिन्या फार विरळ असल्यामुळें तेथील कर्करोग बराच काळ आपलें घर सोडून मानेंतील गांठींकडे जात नाहीं. वरच्या मजल्याची तऱ्हा उलट. तेथें जागा ऐसपैस, आवाजाशीं प्रत्यक्ष संबंध थोडा, आणि रसवाहिन्यांचें जाळें दाट. गिळतांना कांहीं अडकल्यासारखें वाटणें, कानांत ठणका लागणें, ह्यापलीकडे रोग्यास पुष्कळ दिवस कांहीं जाणवत नाहीं, आणि मानेंत अवधाण आल्यावरच प्रथम डॉक्टरांची आठवण होते. तोंपर्यंत आंतील गांठ चांगली वाढलेली असते. खालच्या मजल्यावर हा रोग क्वचितच सुरू होतो, म्हणून त्याचा विचार येथें करीत नाहीं.

हा भाग जिवंत माणसाच्या घशांत डोकावून पाहण्याची युक्ति एका गाण्याच्या मास्तरानें काढली, हें आमच्या संगीतप्रेमी वाचकांस ऐकून मौज वाटेल. मान्युएल गार्सिया ह्या स्पॅनिश गायनशिक्षकानें १८५४ सालीं एक लहानसा आरसा घशांत धरून व दुसऱ्या आरशानें सूर्यप्रकाश आंत पाडून स्वतःचेच स्वरतंतु हालतांना पाहिले. स्वर कसा उमटतो एवढेंच त्यास पाहावयाचें होतें. पण थोड्याच वर्षांत हा आरसा युरोपांतील प्रत्येक नामांकित घसातज्ज्ञाच्या हातीं आला, आणि १८८७ सालीं तो जर्मनीच्या युवराजाच्या घशांत गेला.

हा युवराज फ्रेडरिक इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा थोरला जांवई. त्या सालच्या आरंभीं त्याचा आवाज बसला. मार्च महिन्यांत बर्लिनचा प्राध्यापक गेरहार्ट ह्यास डाव्या स्वरतंतूवर एक लहानशी गांठ दिसली. विजेनें तापविलेल्या तारेनें ती जाळून टाकण्याचा त्यानें पुनःपुन्हां प्रयत्न केला. गांठ पुन्हां उगवली. मे महिन्यांत बेर्गमान ह्या शस्त्रवैद्यानें कंठ बाहेरून उघडून ती काढावी असा आग्रह धरला, व तशी तयारीही झाली. इतक्यांत लंडनहून मोरेल मॅकेंझी ह्या प्रख्यात घसातज्ज्ञास पाचारण करण्यांत आलें. त्यानें गांठीचे तुकडे काढून विर्शो ह्या जगद्विख्यात पंडिताकडे तपासणीस दिले. विर्शोस त्यांत कर्करोग आढळला नाहीं, आणि शस्त्रक्रिया रद्द झाली. नोव्हेंबरांत इटलींतील सान रेमो येथें रोगाविषयीं शंका उरली नाहीं. आतां गांठ तेवढी काढून भागण्यासारखें नव्हतें, संपूर्ण स्वरयंत्रच काढावें लागलें असतें. युवराजानें तें नाकारलें. ९ फेब्रुवारी १८८८ रोजीं श्वास कोंडूं लागल्यामुळें त्याच्या श्वासनलिकेस भोंक पाडावें लागलें. ९ मार्चला वडील वारल्यावर तो बादशहा झाला, आणि ९९ दिवस मुक्यानें, कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून राज्यकारभार पाहून १५ जून रोजीं मरण पावला.

मॅकेंझीनें एका बादशहाचा घात केला, असें त्या वेळीं जर्मनींत उघडपणें बोललें गेलें. आम्हांस तो आरोप एकांगी वाटतो. कंठ उघडण्याच्या शस्त्रक्रियेंत त्या काळीं रोगी दगावण्याची धास्ती फार मोठी होती. संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची कर्करोगावरील पहिली शस्त्रक्रिया व्हिएन्ना येथें थेओडोर बिलरोट ह्यानें ३१ डिसेंबर १८७३ रोजीं केली होती. तो रोगी वांचला, कृत्रिम यंत्रानें बोलूंही लागला, पण कांहीं महिन्यांतच रोग उलटून मेला. अशा स्थितींत कर्करोगाचा पुरावा हातीं नसतांना राजपुत्राचा गळा कापूं न देणारा डॉक्टर केवळ भित्रा किंवा हट्टी म्हणतां येत नाहीं. मात्र एक गोष्ट ह्या शोककथेंतून स्पष्ट दिसते. मे महिन्यांतील गांठ आणि नोव्हेंबरांतील गांठ ही एकाच रोगाची होती, पण तिच्यावरील निवाडा सहा महिन्यांत बदलला होता. पहिलीला थोडें काढून भागलें असतें. दुसरीला सर्वस्व मागितलें गेलें.

आजची स्थिति पुष्कळ सुधारली आहे. स्वरतंतूपुरती असलेली लहान गांठ सहा-सात आठवड्यांच्या किरणोपचारानें, किंवा तोंडावाटे लेसर किरण सोडून ती तेवढीच कापून काढल्यानें, दहांतून सुमारें नऊ रोग्यांत बरी होते, व बोलण्यासारखा आवाज राहतो. अगदीं पुढें गेलेल्या रोगांत, जेथें गांठ कूर्चा फोडून मानेंत शिरली आहे तेथें, स्वरयंत्र काढणें हाच बहुधा खात्रीचा मार्ग ठरतो. ह्या दोन टोकांविषयीं फारसा वाद नाहीं. वाद आहे तो मधल्या रोग्यांविषयीं, आणि आकारमानाचा प्रश्न खरा तेथेंच येतो.

डॉक्टरांच्या कागदावर रोगाची पायरी 'टी-१' पासून 'टी-४' पर्यंत लिहिलेली असते. टी-२ म्हणजे टी-१ च्या दुप्पट गांठ, अशी पुष्कळांची समजूत असते. तोंडांतील कर्करोगांत ह्या पायऱ्या ठरवितांना सेंटिमीटरांचें माप घेतलें जातें हें खरें. पण स्वरयंत्राच्या कर्करोगांत ह्या पायऱ्यांत गांठीच्या लांबीरुंदीचा उल्लेखच नाहीं. रोग एकाच भागांत आहे कीं शेजारच्या भागांत उतरला, स्वरतंतु नीट हालतो कीं जड झाला कीं मुळींच हालेनासा झाला, कूर्चेस धक्का लागला कीं ती आरपार गेली, ह्यावरून पायरी ठरते. स्वरतंतु मुळींच हालेनासा झाला कीं ती गांठ टी-३ झाली, मग ती वाटाण्याएवढी असो वा सुपारीएवढी असो. एकाच नांवाच्या पायरीवर अशीं दोन अगदीं निराळीं प्रकृतीचीं दुखणीं शेजारीं शेजारीं बसलेलीं असतात, आणि तुमच्या रोग्याचें दुखणें त्यांपैकीं कोणतें, हें 'टी-३' ह्या अक्षरावरून कळत नाहीं.

तें कळण्यासाठीं गांठीचें घनफळ काढावें लागतें. सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. हीं यंत्रें मानेच्या आडव्या चकत्यांचीं चित्रें देतात. काकडीच्या चकत्या कराव्या तशा. प्रत्येक चकतीवर गांठीची कड रेखावयाची, त्या आंतील क्षेत्रफळास चकतीच्या जाडीनें गुणावयाचें, आणि सर्वांची बेरीज करावयाची, म्हणजे गांठ किती घनसेंटिमीटर आहे हें मिळतें.

नुसता व्यास सांगितला तर काय बिघडतें? आमच्या गृहिणींस हें लाडवांवरून चटकन् ध्यानांत येईल. लाडवाचा व्यास दुप्पट केला तर सारण दुप्पट लागत नाहीं, आठपट लागतें. १ सेंटिमीटर व्यासाची वाटोळी गांठ म्हणजे सुमारें अर्धा घनसेंटिमीटर. २ सेंटिमीटर व्यासाची म्हणजे ४ घनसेंटिमीटरांहून थोडी अधिक. "एका सेंटिमीटराची दोन सेंटिमीटर झाली, फार नाहीं वाढली," असें कोणी म्हटलें तर ती आठपट वाढली आहे हें विसरूं नये.

किरणांचें काम कसें चालतें हें पाहिलें म्हणजे ह्या आठपटीचें महत्त्व कळतें. रोजची मात्रा ठराविक संख्येच्या पेशी मारीत नाहीं, ठराविक हिस्सा मारते. समजा, दर मात्रेस उरलेल्यांपैकीं निम्म्या पेशी मरतात. तर आठपट पेशी असलेल्या गांठीस तितक्याच उरविण्यास तीन मात्रा अधिक लागतील. ह्यांत भयंकर कांहीं नाहीं असें वाटेल. पण मात्रा हव्या तेवढ्या वाढवितां येत नाहींत. शेजारची निरोगी कूर्चा व त्वचा किती सोसूं शकेल ह्याला मर्यादा आहे. त्यांतून मोठ्या गांठीच्या गाभ्यापर्यंत रक्त नीट पोंचत नाहीं, तेथें प्राणवायु कमी असतो, आणि प्राणवायूवांचून असलेल्या पेशींवर किरणांचा मारा बराच फिका पडतो. लहान गांठ सर्व बाजूंनीं उघडी असते; मोठी गांठ आपल्या पोटांत एक तळघर ठेवून असते.

हा केवळ तर्क आहे कीं प्रत्यक्ष अनुभव, हें अमेरिकेंतील फ्लॉरिडा विद्यापीठाच्या डॉक्टरांनीं तपासून पाहिलें. १९९७ सालीं पामेयर, मॅन्कुसो, मेंडेनहॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्वरतंतूंच्या टी-३ गांठी असलेल्या, केवळ किरणोपचार घेतलेल्या ४२ रोग्यांचीं उपचारापूर्वींचीं स्कॅन मोजलीं. ज्यांची गांठ ३.५ घनसेंटिमीटरांहून लहान होती त्यांच्यापैकीं शेंकडा ८५ जणांत मूळ जागचा रोग आटोक्यांत राहिला. त्याहून मोठी होती त्यांच्यांत हें प्रमाण पुष्कळच कमी भरलें. वरच्या मजल्यावरील गांठींचा असाच हिशेब १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें सीमारेषा ६ घनसेंटिमीटरांची निघाली: तिच्या आंत शेंकडा ८९, तिच्या बाहेर शेंकडा ५२. चहाचा एक चमचा ५ घनसेंटिमीटरांचा असतो. म्हणजे स्वरतंतूंच्या बाबतींत पाऊण चमचाहून कमी, आणि वरच्या मजल्यावर सव्वा चमचाहून थोडी कमी, एवढ्याशा मापावर हा फरक पडत होता. पुढें जाऊन हेंही सांगितलें पाहिजे कीं दोन्ही सीमारेषा एक नाहींत. म्हणून दुसऱ्या कोणाच्या गांठीचें माप ऐकून आपल्या घरच्या रोग्याविषयीं अनुमान करूं नये.

ह्या आंकड्यांस शिलालेख मानण्याचें मात्र कारण नाहीं. ते थोड्या रोग्यांवरून, एका ठिकाणच्या अनुभवावरून, मागें वळून काढलेले आहेत. एकच स्कॅन दोन डॉक्टरांनीं रेखलें तर माप थोडें इकडेतिकडे होतें, कारण गांठ कोठें संपली व सूज कोठें सुरू झाली हें चित्रांत नेहमीं स्वच्छ दिसत नाहीं. किरणांच्या जोडीस औषधें देण्याची पद्धति रुळल्यानंतरच्या कांहीं अभ्यासांत घनफळाचा परिणाम इतका ठळक दिसलेला नाहीं. तरी मोठी गांठ किरणांस दाद देण्यास नाखूष असते, ही मूळ गोष्ट पुष्कळांच्या अनुभवास आलेली आहे.

मोठ्या प्रयोगांतही तिची सांवली दिसते. अमेरिकन सरकारच्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनीं ३३२ रोग्यांवर केलेला प्रयोग १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. अर्ध्या रोग्यांचें स्वरयंत्र काढून मग किरण दिले. अर्ध्यांस आधीं औषधें व मग किरण देऊन स्वरयंत्र राखण्याचा यत्न केला. दोन वर्षांनीं दोन्ही गटांत शेंकडा ६८ रोगी हयात होते, आणि दुसऱ्या गटांत शेंकडा ६४ जणांचें स्वरयंत्र टिकलें होतें. जीव न गमावतां आवाज राखतां येतो, हें तेव्हांपासून मान्य झालें. पण त्याच प्रयोगाच्या पोटांतील एक आंकडा सहसा सांगितला जात नाहीं: टी-४ च्या रोग्यांपैकीं शेंकडा ५६ जणांवर शेवटीं स्वरयंत्र काढण्याची पाळी आलीच, त्याहून लहान रोग असलेल्यांत हें प्रमाण शेंकडा २९ होतें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या प्रयोगांत किरण व औषध एकाच वेळीं दिलेल्यांपैकीं शेंकडा ८८ जणांचें स्वरयंत्र दोन वर्षांनीं जागेवर होतें; नुसत्या किरणांनीं शेंकडा ७०. हा ८८ चा आंकडा रोग्यास सांगतांना त्याची अटही सांगितली पाहिजे. कूर्चा आरपार फोडून गेलेल्या, किंवा जिभेच्या मुळांत एक सेंटिमीटराहून अधिक शिरलेल्या मोठ्या गांठींस त्या प्रयोगांत घेतलेंच नव्हतें. जो परीक्षेस बसला नाहीं त्यास तिचे गुण कसे लावावे?

ही अट विसरण्याचा मोह सर्वांस होतो, कारण आवाज राखण्याचें आश्वासन फार गोड असतें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसून आलें कीं १९८० च्या दशकाच्या मध्यापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेंत स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या रोग्यांचें जगण्याचें प्रमाण घटलें, आणि त्याच काळांत शस्त्रक्रिया मागें पडून किरण-औषधांचा प्रसार झाला होता. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एकीमुळें दुसरी घडली असें सिद्ध होत नाहीं. पण ह्या पाहणीनें पुष्कळ डॉक्टर सावध झाले. अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या मुख्य संस्थेनें २०१८ सालीं सुधारून दिलेल्या सल्ल्यांत असें म्हटलें आहे कीं गांठ फार पसरलेली असेल किंवा स्वरयंत्राचें काम आधींच बिघडलेलें असेल, तर अशा निवडक रोग्यांस संपूर्ण स्वरयंत्र काढण्यानेंच अधिक आयुष्य व अधिक सुखाचें आयुष्य लाभण्याचा संभव आहे.

त्यांतील दुसरी अट आम्हांस पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. स्वरयंत्र राखणें म्हणजे पेटी जागेवर ठेवणें नव्हे. उपचारापूर्वींच ज्यास प्रत्येक घोटास ठसका लागतो, ज्याच्या श्वासनलिकेंत अन्न उतरतें, ज्याच्या गळ्यास श्वासासाठीं भोंक पाडावें लागलें आहे, त्याचें स्वरयंत्र किरणांनीं रोगमुक्त झालें तरी पुन्हां राखणदारी करील असा भरंवसा नसतो. असा गृहस्थ आवाज घेऊन घरीं येतो, पण नाकांतील नळीनें जेवतो. शिवाय किरणोपचार फसल्यावर करावयाची शस्त्रक्रिया पहिल्याच वेळीं केलेल्या शस्त्रक्रियेहून अवघड जाते, जखम सांधत नाहीं, लाळ झिरपत राहते. "आधीं किरण घेऊन तर पाहूं, नाहीं साधलें तर चाकू आहेच," हें बोलणें वाटतें तितकें बिनखर्चाचें नाहीं.

आपल्या देशांत ह्या गणिताचा कल दुर्दैवानें मोठ्या मापाकडे असतो. विडी ओढणाऱ्या पुरुषांत हा रोग पुष्कळ आढळतो, आणि गांठ बरीच वाढल्यावरच पुष्कळ रोगी मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयाची पायरी चढतात. तें रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. पण परगांवचा रोगी तेथें पोंचेपर्यंत गुळण्या, काढे आणि "उन्हाळ्याची उष्णता आहे" ह्यांत महिने गेलेले असतात.

आतां एका नाजुक गोष्टीविषयीं. आमच्या एकत्र कुटुंबांतून कर्करोगाचें नांव रोग्यापासून लपविण्याची चाल अजून गेलेली नाहीं. थोरला भाऊ, मुलगा व जांवई डॉक्टरांच्या खोलींत जातात. "नानांना कांहीं सांगूं नका, त्यांचा धीर सुटेल," असें डॉक्टरांस विनवितात. आणि नाना बाहेर बाकावर बसून राहतात. ह्या चालीमागील माया आम्ही जाणतों. पण ह्या रोगांत ती चाल चालत नाहीं. लहान गांठींत निवड एका उपचाराची दुसऱ्या उपचाराशीं असते, ती डॉक्टरांवर सोंपविली तरी चालेल. मधल्या मापाच्या गांठींत निवड थोड्या अधिक आयुष्याची आवाजाशीं असते, आणि तिचा तराजू रोग्याच्याच हातीं असावयास हवा. १९८१ सालीं मॅकनील ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं ३७ निरोगी माणसांस, त्यांत आग विझविणारे शिपाई होते व मोठे अधिकारीही होते, हाच प्रश्न घातला. सुमारें पांचांतून एकानें सांगितलें कीं, जगण्याची आशा कमी झाली तरी चालेल, पण आवाज राहील असाच उपचार आम्ही घेऊं. उरलेल्या चौघांनीं तसें म्हटलें नाहीं. आपल्या घरांतील कीर्तनकार काका कोणत्या बाजूस जातील आणि हिशेबतपासनीस मामा कोणत्या, हें त्यांस विचारल्यावांचून घरांतील कोणासही सांगतां येणार नाहीं. आमचा अंदाज तर असा आहे कीं विचारलें तर दोघेही घरच्यांस चकित करतील. वकील, शिक्षक, भिक्षुक ज्या घरांत आहेत तेथें आवाज म्हणजे चरितार्थही असतो, आणि तोही ह्या तराजूंत पडतो.

तेव्हां डॉक्टरांकडे जातांना रोग्यास बरोबर घेऊनच जावें, आणि कांहीं गोष्टी सरळ विचाराव्या. गांठ किती घनसेंटिमीटर आहे? ती कोणत्या मजल्यावर आहे, व कूर्चेस धक्का लागला आहे काय? स्वरतंतु हालतो काय? गिळणें आज कितपत शाबूत आहे? आणि तुम्ही जो यशाचा आंकडा सांगत आहां, तो एवढ्याच मापाच्या गांठींचा आहे कीं लहानमोठ्या सर्वांचा मिळून आहे? हा शेवटचा प्रश्न विचारण्यास पुष्कळांस संकोच वाटतो, वाटूं नये. चांगले डॉक्टर ह्या प्रश्नानें रागावत नाहींत. शक्य असेल तेथें किरणतज्ज्ञ व शस्त्रवैद्य ह्या दोघांचेंही मत एकाच वेळीं घ्यावें, कारण प्रत्येकास आपलें हत्यार अधिक ओळखीचें असतें. निर्णय कोणताही होवो, तंबाखू त्याच दिवशीं सुटली पाहिजे. किरणोपचार चालू असतां धूम्रपान करीत राहणाऱ्यांस त्या उपचाराचा गुण कमी येतो.

स्वरयंत्र काढावेंच लागलें, तर पुढें काय, ह्याची धास्ती लोकांस मृत्यूहून अधिक वाटते असें आम्हीं पाहिलें आहे. त्यांतील बरीचशी अज्ञानाची आहे. मानेच्या तळाशीं एक कायमचें छिद्र राहतें, श्वास तेथूनच चालतो. गिळण्याचा मार्ग निराळा झाल्यामुळें ठसका उलट थांबतो. फुप्फुसांतील वारा अन्ननलिकेकडे वळविणारी एक छोटी झडप श्वासनलिका व अन्ननलिका ह्यांमधील पडद्यांत बसवितात; सिंगर व ब्लॉम ह्या दोघांनीं ती १९८० सालीं पुढें आणली. बोलतांना छिद्रावर बोट ठेवलें कीं घशांतील स्नायु थरारून शब्द उमटतात. आवाज खरखरीत असतो, पण नातवंडांस कळतो. ही झडप कांहीं महिन्यांनीं बदलावी लागते, व परदेशी झडपेची किंमत हजारों रुपये होते. बंगळूरचे शस्त्रवैद्य विशाल राव ह्यांनीं सुमारें पन्नास रुपयांत पडणारी झडप तयार केली, ती ह्याच अडचणीमुळें. ज्यांस झडप नको त्यांच्यासाठीं गळ्यास लावून बोलण्याचें विजेचें लहान यंत्र मिळतें. कांहीं जण अन्ननलिकेंत हवा घेऊन ती ढेंकरेप्रमाणें सोडीत बोलण्यास शिकतात.

घरच्यांनीं संभाळावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. स्नानाच्या वेळीं छिद्रांत पाणी जाऊं देऊं नये. नदीवर किंवा विहिरींत पोहणें बंद. छिद्रावर पातळ ओलसर कापडाचा पडदा असावा, कारण नाकाकडून मिळणारी ऊब व ओलावा आतां श्वासास मिळत नाहीं. केर काढतांना, मिरच्या कांडतांना त्या माणसास जवळ बसवूं नये. आणि वारा नाकावाटे जात नसल्यामुळें वास फारसा येत नाहीं, म्हणून दूध उतूं गेलें किंवा स्वयंपाकाचा गॅस सुटला तर तें त्यास समजेल अशी अपेक्षा ठेवूं नये. तो घरांत एकटा असेल तेव्हां गॅसची तोटी बंद आहे हें दुसऱ्या कोणीतरी बाहेर पडतांना पाहून जावें.